शुद्ध केले आणि गुण गेला

फराळाचे ताट पुढ्यात असताना हृदयरोगाचा विषय काढणे हे सुसंस्कृत माणसाचे लक्षण नव्हे, याची मला जाणीव आहे. चकलीला मोहन किती घातले आणि करंजी कशात तळली, हे मी विचारणार नाही. तसे विचारणारे एखादे तरी माणूस प्रत्येक घरी असतेच, आणि ऐन पाडव्याला त्याचे तोंड सुटते. मला सांगायची आहे ती एक हकीकत. ती हंगेरीत सुरू होते, हॉलंड आणि वेल्समधून फिरते आणि फिनलंडमध्ये येऊन थांबते. तिच्यात एक मिरची आहे, कांदा आहे, चहा आहे, आणि शेवटी एकोणतीस हजार माणसे आहेत. त्या माणसांसाठीच ही हकीकत सांगावीशी वाटली.

निमित्तही घरातलेच आहे. पूर्वी परदेशातून दिवाळीला येणारी भाचेमंडळी चॉकलेटे आणीत. आता ती औषधाच्या बाटल्या आणतात. ‘मामा, रोज एक गोळी घ्या. यात कांद्याचे सत्त्व आहे, यात द्राक्षाच्या बियांचे, हृदयाला फार चांगले!’ मामा बाटली उजेडात धरून पाहतात. घरात कांद्याची आख्खी टोपली असताना हे सत्त्व साता समुद्रापलीकडून का आले, हा प्रश्न त्यांच्या मनात येतो, पण भाच्याचे मन मोडवत नाही. त्या मामांच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे मोठे विक्षिप्त आणि मोठे बुद्धिमान शास्त्रज्ञ. जन्म बुडापेस्टचा, १८९३ सालचा. १९२७-२८ च्या सुमारास ते इंग्लंडात केंब्रिज येथे हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. तेथे जनावरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून, संत्र्याच्या आणि कोबीच्या रसातून त्यांनी एक पांढरे स्फटिकरूप द्रव्य वेगळे काढले. ते साखरेच्या जातीचे दिसत होते, पण आहे काय ते उमगेना. निबंध तर छापायला द्यायचा होता. त्यांनी त्या द्रव्याचे नाव ठेवले ‘इग्नोज’. अज्ञान दाखवणाऱ्या शब्दाला साखरेच्या नावांना असते ते शेपूट लावले, झाले नाव! संपादक रागावले, शास्त्राच्या मासिकात असली थट्टा चालायची नाही म्हणाले. त्यावर यांनी दुसरे नाव सुचवले, त्याचा अर्थ ‘देव जाणे’ असा होत होता. तेही अर्थातच परत आले. शेवटी ‘हेक्झुरोनिक आम्ल’ असे जड नाव घेऊन तो निबंध १९२८ साली छापला गेला. आज आपण त्या द्रव्याला क जीवनसत्त्व म्हणतो.

पुढे ते मायदेशी परतले आणि सेगेड या गावी प्राध्यापक झाले. तिसा नदीच्या काठचे हे गाव मिरचीसाठी प्रसिद्ध. तिकडे मिरचीला पाप्रिका म्हणतात. ती आपल्या लवंगीसारखी डोळ्यांत पाणी काढणारी नव्हे. ढोबळी मिरचीची चुलत बहीण म्हणावी इतपत सौम्य. मिरचीचे मूळ घर अमेरिका खंड. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती गोव्यात आणली आणि तिथून ती आपल्या घाटावर चढली. तुर्कांच्या राज्याबरोबर ती हंगेरीत शिरली. दोन्ही ठिकाणचे लोक आज तिच्याविषयी असे बोलतात, की जणू ती त्यांच्या कुलदैवताने जन्माबरोबर दिली होती.

१९३२ च्या सुमाराची गोष्ट. आपले स्फटिक म्हणजेच क जीवनसत्त्व हे सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध होत आले होते, पण हाताशी द्रव्य उरले नव्हते. गिनिपिगांवर प्रयोग करायचे, रसायनज्ञांना रचना शोधायला नमुने पाठवायचे, तर ते मुबलक हवे. संत्र्या-लिंबांच्या रसातून ते काढणे साखरेमुळे अवघड जाई. अशा काळजीत असताना एके रात्री त्यांच्या पत्नीने जेवणात ताजी पाप्रिका वाढली. त्यांना ती खायची इच्छा नव्हती. पण बायकोपुढे तसे म्हणायचे धैर्यही होईना. मग एकाएकी त्यांच्या ध्यानात आले की ही एकच भाजी आपण अजून तपासलेली नाही. ताटातली मिरची घेऊन ते प्रयोगशाळेत गेले, आणि मध्यरात्रीपर्यंत त्यांना कळून चुकले की आपल्या हाती खजिना लागला आहे. काही आठवड्यांत तीन पौंड शुद्ध स्फटिक तयार झाले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. ते गोष्टी रंगवून सांगत, हे मान्य केले, तरी नवऱ्याने ताटातली भाजी टाकल्यामुळे मनुष्यजातीचे भले झाल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या माहितीत नाही.

१९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतकी गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही सापडते. मला मात्र तिच्या पाठीमागची एक छोटी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती त्यांनी नोबेलच्या व्याख्यानात सांगितली आहे.

ऑस्ट्रियातल्या एका सहकाऱ्याचे त्यांना पत्र आले. त्या गृहस्थांना रक्तस्रावाचा विकार होता. जरा काही झाले की कातडीखाली रक्त उतरायचे. त्यांना हे नवे क जीवनसत्त्व घेऊन पाहायचे होते. त्या वेळी सेंट-ग्यॉर्गींकडे शुद्ध स्फटिक पुरेसे नव्हते, म्हणून त्यांनी मिरचीचा अर्क पाठवून दिला. त्या अर्कात क जीवनसत्त्व पुष्कळ होते, पण बाकीचा गाळसाळही होता. रोगी बरा झाला. पुढे शुद्ध द्रव्य भरपूर तयार झाल्यावर सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांचे मित्र रुस्न्याक यांनी तशाच रोग्यांना ते दिले. अशुद्धाने एवढा गुण आला, तर शुद्धाने किती यावा? काहीही गुण आला नाही.

आपल्याकडे वैद्याच्या काढ्याने बरे वाटलेला रोगी पुढे म्हणतो, ‘तसा काढा आता मिळत नाही हो.’ आपण हसतो आणि सोडून देतो. सेंट-ग्यॉर्गी यांनी सोडून दिले नाही. शुद्ध करताना आपण जे केर समजून टाकले, त्यातच काही होते, असे त्यांनी धरले आणि त्या केराचा शोध सुरू केला. लिंबाच्या रसातून आणि मिरचीतून त्यांना पिवळसर रंगाची द्रव्ये मिळाली. वनस्पतींच्या पानाफुलांत, साली-टरफलांत ही द्रव्ये सर्वत्र असतात. रसायनशास्त्रात त्यांना फ्लॅव्होनॉइड म्हणतात. लॅटिन भाषेत फ्लावुस म्हणजे पिवळा, त्यावरून. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती या द्रव्यांमुळे बळकट होतात असे त्यांना वाटले आणि १९३६ साली त्यांनी जाहीर केले की हे एक नवेच जीवनसत्त्व आहे. त्याचे नाव ठेवले ‘प’ जीवनसत्त्व.

आता हे ‘प’ जीवनसत्त्व तुम्हां-आम्हांला ठाऊक का नाही? कारण ते टिकले नाही. दुसऱ्यांनी तेच प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा तसा निकाल येईना. जीवनसत्त्व म्हणायचे तर ते न मिळाल्याने रोग झाला पाहिजे. इथे तर न मिळण्याची सोयच नव्हती, कारण भाजीपाला खाणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात ही द्रव्ये जातच होती. १९५० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या एका संयुक्त समितीने हे नाव वापरणे बंद करावे अशी शिफारस केली. त्याच सुमारास तिकडे बकव्हीट नावाच्या झाडापासून काढलेल्या ‘रुटिन’ या पिवळ्या द्रव्याच्या गोळ्या रक्तदाबाच्या रोग्यांना दिल्या जात होत्या. ती लाटही ओसरली. सत्तरीच्या दशकात तर यांतल्याच क्वेरसेटिन या द्रव्याविषयी उलटी ओरड उठली. काचेच्या बशीतल्या जंतूंवर ते घातले की जंतूंच्या आनुवंशिक द्रव्यात बिघाड होतो, म्हणून हे कर्करोगकारक तर नसेल ना, अशी शंका आली. हे क्वेरसेटिन कुठे असते? आपल्या कांद्यात! आणि थोडेथोडके नव्हे. वीस वर्षांनी हेच द्रव्य हृदयाचा तारणहार म्हणून मिरवणार होते. शास्त्राच्या दरबारातही मर्जी फिरते, ती अशी.

मर्जी फिरवली ती हॉलंडमधल्या झुटफेन या गावाने. आयसेल नदीच्या काठचे हे जुने, लहानसे गाव. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतल्या पुरुषांची पाहणी आरंभिली होती. कोणत्या देशातले लोक काय खातात आणि त्यांना हृदयरोग किती होतो, हे वर्षानुवर्षे नोंदवायचे, असा तो उद्योग. हॉलंडचा भाग म्हणून १९६० साली झुटफेनमधले चाळीस ते एकोणसाठ वयाचे पुरुष त्यात घेतले. १९८५ साली ही मंडळी म्हातारी झाली होती. त्या वर्षी ८०५ वृद्धांच्या घरी आहारतज्ज्ञ गेले आणि रोज काय खाता-पिता हे बारकाईने लिहून घेतले. अशा वेळी उत्तरे बहुधा घरधनिणीकडूनच मिळतात. नवऱ्याला आपण काय खातो हे हॉलंडमध्येही नीट सांगता येत नसावे.

पण नुसत्या खाण्याच्या यादीवरून पिवळी द्रव्ये किती पोटात गेली हे कसे समजणार? जुन्या अंदाजाप्रमाणे माणूस दिवसाला सुमारे एक ग्रॅम खातो असे धरले जाई. हेर्टोग नावाच्या तरुण डच संशोधकाने बाजारातल्या भाज्या, फळे आणि पेये आणून नव्या यंत्रावर एकेक तपासली. त्याने पाच प्रमुख द्रव्ये मोजली, तेव्हा खरा आकडा ग्रॅमचा नव्हे, तर मिलिग्रॅमचा निघाला. झुटफेनचा वृद्ध दिवसाला सरासरी २६ मिलिग्रॅम खात होता, म्हणजे चिमटीभर मिठापेक्षाही कितीतरी कमी. त्यातला ६१ टक्के भाग चहातून, १३ टक्के कांद्यातून आणि १० टक्के सफरचंदांतून येत होता.

पुढच्या पाच वर्षांत त्यांतले ४३ जण हृदयविकाराने गेले. कोण गेले आणि कोण राहिले याचा हिशेब १९९३ साली ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापला गेला, आणि वैद्यकाच्या जगात खळबळ उडाली. ज्यांच्या पोटात ही द्रव्ये सर्वांत जास्त जात होती, त्यांना सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या मानाने हृदयविकाराने मरण्याचा धोका निम्म्याहूनही कमी होता. धूम्रपान, रक्तदाब, वजन यांचा हिशेब वजा घालूनही फरक उरलाच. सेंट-ग्यॉर्गी १९८६ सालीच, त्र्याण्णव वर्षांचे होऊन वारले होते. आपला केर पुन्हा सिंहासनावर बसलेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

यानंतर त्याच मंडळींनी एक फार सुरेख प्रयोग केला. हॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली नऊ माणसांना क्वेरसेटिन तीन प्रकारे दिले: कधी तळलेल्या कांद्यातून, कधी शुद्ध स्वरूपात, तर कधी रुटिनच्या रूपात. ही माणसे शस्त्रक्रियेने मोठे आतडे काढलेली होती, त्यामुळे किती द्रव्य न शोषता बाहेर पडले ते मोजता येत होते. निकाल असा: रुटिनमधले १७ टक्के शोषले गेले, शुद्ध द्रव्य २४ टक्के, आणि कांद्यातले ५२ टक्के. कांद्यात क्वेरसेटिन एकटे नसते. त्याला साखरेचा रेणू चिकटलेला असतो आणि तेच जणू आतड्याच्या दारातून त्याला हात धरून आत नेतात. रसायनज्ञ तो रेणू तोडून ‘शुद्ध’ माल तयार करतो, तेव्हा दार अर्धे लागलेले असते. मामांची टोपली बाटलीहून सरस ठरावी, असा हा निकाल होता.

कांद्याविषयी येथे दोन शब्द बोलल्याशिवाय लेखणी पुढे जाईना. क्वेरसेटिन कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत अधिक असते आणि वाळक्या टरफलात तर सर्वांत अधिक. आपण सोलताना वरची एखादी जाड पाकळी सहज टाकतो, त्या पाकळीत गाभ्यापेक्षा अधिक माल असतो. लासलगावच्या बाजारात भाव पडला म्हणून रस्त्यावर ओतलेल्या कांद्यांची छायाचित्रे आपण अनेकदा पाहिली आहेत. तिकडे त्याच द्रव्याच्या चिमूटभर भुकटीला बाटलीत घालून विकतात, हे पाहिले की शेतकऱ्याचे नशीब आणि शहाण्यांचा व्यापार या दोहोंचेही नवल वाटते. परंतु यावरून ‘आमच्या पूर्वजांना हे सगळे ठाऊक होते’ असे कोणी म्हणू लागले, तर मात्र त्याला हात जोडावे. आमच्या कित्येक पूर्वजांच्या घरी कांदा उंबऱ्याच्या आत येत नव्हता. कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन पुढे चार महिने त्याचे नाव न काढणारी घरे आजही आहेत. त्या घरच्या वाचकांना हा अंक वाचताना कार्तिकी एकादशीची वाट पाहायची आहे. आणि मिरची? ती तर शिवाजी महाराजांच्या जन्मापूर्वी शंभरेक वर्षे या देशातच नव्हती.

झुटफेननंतर साहजिकच दुसरीकडे पाहणी झाली. वेल्समधल्या केअरफिली या गावी सुमारे १,९०० पुरुषांची नोंद चौदा वर्षे ठेवलेली होती. तिथे चहा भरपूर. पिवळ्या द्रव्यांचा ८२ टक्के भाग चहातूनच येत होता, आणि रोजचे सरासरी प्रमाण झुटफेनइतकेच. तेव्हा हृदयविकार कमी हवा. १९९७ साली निकाल छापून आला. काही फायदा नाही! उलट दिवसाला आठ कपांहून अधिक चहा पिणारे अधिक संख्येने मेलेले होते.

द्रव्य तेच, प्रमाण तेच, मग निकाल उलटा का? दोन उत्तरे दिली गेली. पहिले असे, की वेल्सची माणसे चहात दूध घालतात. हे ऐकून आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या कपाकडे पाहिले असेल. आपला चहा म्हणजे तर दुधात उकळलेला. वेल्सवाले निदान वरून घालतात. दुधातले केसीन नावाचे प्रथिन चहातल्या द्रव्यांना धरून ठेवते आणि गुण येऊ देत नाही, असा तर्क होता. २००७ साली बर्लिनच्या इस्पितळात सोळा स्त्रियांना एकदा कोरा चहा, एकदा दूध घातलेला चहा आणि एकदा नुसते गरम पाणी देऊन हाताची रोहिणी किती सैल होते ते मोजले. कोऱ्या चहाने ती चांगली सैलावली. दुधाच्या चहाने पाण्याइतकीच. पण सोळा स्त्रियांवरून किती म्हणायचे? हॉलमन यांनी तर त्याआधीच दाखवले होते की दूध घातले तरी चहातली पिवळी द्रव्ये रक्तात उतरतात. तेव्हा दुधाचा चहा सोडण्याची घाई कोणी करू नये. ज्याला कोरा आवडतो त्याने तो जरूर प्यावा.

मला दुसरे उत्तर अधिक पटते, आणि कादंबरीकाराला ते पटावे यात नवल नाही. चहा कोण पितो, हे पाहा! केअरफिलीत कपावर कप रिचवणारा माणूस बहुधा अंगमेहनतीचे काम करणारा, जास्त सिगारेट ओढणारा आणि जास्त चरबीचे खाणारा होता. हॉलंडमध्ये उलट. तिथे कॉफी हे सर्वांचे पेय, आणि चहा पसंत करणारा मनुष्य साधारणपणे जपून वागणारा, कमी ओढणारा. म्हणजे एका गावी चहाचा कप हा शिस्तीच्या आयुष्याचा साक्षीदार होता, तर दुसऱ्या गावी काबाडकष्टाच्या. आकडेमोड करणारा म्हणतो की धूम्रपानाचा हिशेब मी वजा घातला. पण माणसाचे आयुष्य इतके सहज वजा घालता येत असते, तर आम्हां कथा लिहिणाऱ्यांचा धंदा केव्हाच बसला असता.

येथे प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की पिवळी द्रव्ये म्हणजे निव्वळ भ्रम नव्हेत. ती रक्तात फार थोडी उतरतात, यकृत त्यांचे रूप पालटते आणि आतड्यांतले जंतू त्यांचे तुकडे करतात. तरीही रोहिणीच्या आतल्या अस्तराला ती नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अधिक सोडायला लावतात, आणि या वायूने रोहिणी सैल होते, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले आहे. २०२२ साली अमेरिकेत एका मोठ्या चाचणीचा निकाल लागला. साठी उलटलेले पुरुष आणि पासष्टी उलटलेल्या स्त्रिया मिळून २१,४४२ जण. निम्म्यांना रोज कोकोच्या अर्काच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. हृदयाचे झटके, पक्षाघात आणि त्यांच्या आगेमागेचे सर्व प्रसंग मिळून मोजले, तर अर्क घेणाऱ्यांत ते दहा टक्के कमी भरले. पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. हृदयविकाराने आणि पक्षाघाताने झालेले मृत्यू मात्र २७ टक्के कमी होते. खर्चाचा वाटा एका चॉकलेट कंपनीने उचलला होता. तेव्हा आशेला जागा आहे आणि शंकेलाही.

आता फिनलंडची गोष्ट. ती मुद्दाम मागे ठेवली, कारण बाकीच्या गोष्टींत फार तर पैसे वाया गेले. इथे माणसे गेली.

गाजर, भोपळा, आंबा आणि हिरव्या पालेभाज्या यांत बीटा-कॅरोटीन नावाचे केशरी द्रव्य असते. ते फ्लॅव्होनॉइडांच्या कुळातले नव्हे, पण त्याचे चरित्र तसेच आहे. अशा भाज्या खाणाऱ्यांना कर्करोग आणि हृदयरोग कमी होतो, त्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक असते, हे अनेक देशांत दिसले होते. तेव्हा भाजीतला कर्ता पुरुष हाच, असे बहुतेकांनी ठरवून टाकले. सेगेडमध्ये झालेली फसगत कोणाला आठवली नाही. नैर्ऋत्य फिनलंडमधले पन्नास ते एकोणसत्तर वयाचे २९,१३३ पुरुष निवडले. सगळे धूम्रपान करणारे, म्हणजे ज्यांना मदतीची सर्वांत अधिक गरज असे. १९८५ ते १९८८ या काळात त्यांना दाखल करून घेतले. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी मिळे. साध्या जेवणातून मिळते त्याच्या कितीतरी पट. कोणाला काय मिळते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. पाच ते आठ वर्षे त्या माणसांनी ती गोळी इमानाने घेतली.

१९९४ सालच्या एप्रिलमध्ये निकाल छापून आला. केशरी गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक झाला होता. एकूण मृत्यू ८ टक्के अधिक, आणि ते मुख्यतः दोन कारणांनी: फुप्फुसाचा कर्करोग आणि हृदयविकार. ज्या दोन शत्रूंपासून वाचवायला गोळी दिली, तेच दोघे पुढे आले. लोकांना आधी खरे वाटेना. फिनलंडचे काहीतरी चुकले असेल म्हणाले. पण अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती. त्यात १८,३१४ माणसे होती: धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या कामावर राबलेले. तिथेही तेच दिसू लागले, तेव्हा १९९६ च्या जानेवारीत ठरल्या मुदतीच्या एकवीस महिने आधीच गोळ्या बंद करण्यात आल्या. मृत्यू १७ टक्के अधिक झाले होते.

हे कसे झाले? धुराने आधीच भाजलेल्या फुप्फुसात हे द्रव्य इतक्या मोठ्या प्रमाणात एकटे शिरले की ते उलटे वागू लागते, असे एक स्पष्टीकरण आहे. भाजीत ते शेकडो सोबत्यांबरोबर असते, आणि प्रमाणही बेताचे असते. पण मला त्या माणसांचा विचार सुटत नाही. कोणीतरी आपल्या भल्यासाठी दिलेली गोळी पाण्याबरोबर घेऊन, ‘आता गाजर खाल्ले नाही तरी चालेल’ असे एखादा त्यातला बायकोला म्हणाला असेल. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तपासणीही निर्दोष होती; किंबहुना ती निर्दोष होती म्हणूनच खरे बाहेर आले. ती चाचणी झाली नसती तर त्या गोळ्या आजही धूम्रपान करणाऱ्यांना आरोग्याच्या नावाने विकल्या गेल्या असत्या, आणि किती जण त्यांच्यामुळे गेले याचा हिशेब कोणीच ठेवला नसता.

या चाचणीची एक शेपटी उरली आहे. पहिली गोळी हातात देण्यापूर्वी त्या सर्व माणसांच्या रक्ताचे नमुने घेऊन गोठवून ठेवले होते. त्या रक्तात जे केशरी द्रव्य होते, ते कोणत्याही कारखान्यातून आलेले नव्हते. ते त्यांच्या बागांतले, बाजारांतले आणि घरच्या ताटातले होते. पुढे एकतीस वर्षे त्या माणसांवर नजर ठेवली गेली. तोवर त्यांतले बहुतेक या जगातून गेले होते. २०१८ साली ते जुने आकडे आणि मृत्यूची नोंद एकमेकांशी ताडून पाहिली. ज्यांच्या रक्तात गोळीआधीच केशरी द्रव्य अधिक होते, ते हृदयविकाराने, पक्षाघाताने आणि कर्करोगाने कमी मेले होते.